एका संख्येची कुळकथा

गेल्या श्रावणांतली गोष्ट. आमचा थोरला नातू संगणकापुढें बसून कांहीं आज्ञा लिहीत होता, तो एकाएकीं मोठ्यानें हंसला. आम्ही हातांतली पोथी मिटून पाहावयास गेलों. त्यानें यंत्राला शून्यांतून एक वजा करावयास सांगितलें होतें. आणि ज्या कप्प्यांत उत्तर ठेवावयाचें त्यांत ऋण संख्या ठेवण्याची सोय नव्हती. जपमाळ ओढतांना मेरुमण्यापाशीं असलेलें बोट एक मणी मागें सरकलें तर तें शेवटल्या मण्यावर जाऊन पडतें, तसें यंत्राचें झालें. शून्याच्या मागें जावयास जागा नाहीं म्हणून तें आपल्या मोजणीच्या दुसऱ्या टोंकाला जाऊन उभें राहिलें आणि त्यानें उत्तर दिलें : १८४४६७४४०७३७०९५५१६१५.

"आजोबा, केवढी ही चूक!" म्हणून नातू दाखवूं लागला. आम्हांस मात्र जुना ओळखीचा गृहस्थ परगांवच्या बाजारांत भेटावा तसें वाटलें. ही संख्या आम्हीं पस्तीस वर्षें दर वर्षीं एकदां फळ्यावर लिहिली आहे. भास्कराचार्यांनीं लीलावतींत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें दिलीं आहेत. तीं मुलांकडून पाठ करून घेतल्यावर शेवटीं ही संख्या वाचावयास लावावयाची, असा आमचा परिपाठ असे. ती वाचावयाची ती अशी : १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधि, ४ शंकु, ४ महापद्म, निखर्व नाहीं, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, कोटि नाहीं, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शतें, १ दशक आणि ५ एकं. शेवटच्या बाकावरील मुलगाही हें म्हणतांना ताठ बसे.

मुलांना नुसती संख्या आवडत नाहीं, तिला गोष्ट लागते. आमच्यापाशीं दोन होत्या. पहिली बुद्धिबळाच्या पटाची. पट शोधून काढणाऱ्यानें राजापाशीं पहिल्या घराला एक दाणा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला चार, असें चौसष्ट घरें भरेपर्यंत धान्य मागितलें, ही गोष्ट ठाऊक नाहीं असें घर विरळा. सगळ्या दाण्यांची बेरीज बरोबर हीच संख्या. आमच्या घरांतील मंडळींनीं एकदां जाड्या तांदुळाचे हजार दाणे मोजून तोलले, ते सुमारें २० ग्रॅम भरले. त्या मापानें राजाचें देणें ३७ हजार कोटि टनांच्या आसपास जातें. सांप्रत साऱ्या जगांत वर्षाला सुमारें ५० कोटि टन तांदूळ होतो. म्हणजे सातशें वर्षांहून अधिक काळ कोणीं एक शीतही खाल्लें नाहीं तर राजा ऋणमुक्त होईल. ही गोष्ट घडली हिंदुस्थानांत असें सांगतात. लिहून ठेविली ती अरबी ग्रंथकारांनीं. तेराव्या शतकांतील इब्न खल्लिकान याच्या चरित्रग्रंथांत ती आहे.

दुसरी गोष्ट काशीची; आणि हा लेख लिहिण्याचें खरें कारण तीच होय. काशींतील एका प्राचीन देवालयांत पितळेच्या तबकावर हिऱ्याच्या तीन सुया उभ्या आहेत. सृष्टीच्या आरंभीं विधात्यानें त्यांपैकीं एकीवर सोन्याच्या चौसष्ट चकत्या रचून ठेविल्या. सर्वांत मोठी तळाशीं, सर्वांत लहान माथ्यावर. पुजारी ब्राह्मण रात्रंदिवस त्या चकत्या हालवीत असतात. एका वेळीं एकच हालवावयाची, आणि मोठी कधीं लहानीवर ठेवावयाची नाहीं. सगळा ढीग दुसऱ्या सुईवर गेला कीं देऊळ, पुजारी आणि विश्व यांचा एकदम लय व्हावयाचा. या कामाला ज्या हालचाली लागतात त्यांची संख्या तीच. तळची चकती हालवावयाची तर वरचा ढीग आधीं दूर न्यावा लागतो आणि मागाहून पुन्हां तिच्यावर आणावा लागतो; म्हणून एक चकती वाढली कीं पूर्वींच्या हालचालींची दुप्पट करून एक मिळवावा. एकीस १, दोहोंस ३, तिहींस ७, चोहोंस १५, याप्रमाणें चौसष्टांपर्यंत. सेकंदाला एक चकती हालविली तरी सुमारें ५८ हजार ४५४ कोटि वर्षें लागतील. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटि वर्षांचा, तेव्हां असे एकशें पस्तीस दिवस होऊन वर कांहीं उरेल. हें सांगतांना आमचा आवाज किंचित् चढत असे, आणि "आपल्या पूर्वजांनीं हें गणित सृष्टीच्या आरंभापासून चालविलें आहे" असें वाक्य आम्ही शेवटीं घालीत असूं.

सात-आठ वर्षांपूर्वीं आमचा एक जुना विद्यार्थी मातोश्रींस घेऊन काशीयात्रेस गेला. परत आल्यावर तो भेटावयास आला. प्रसादाची पुडी पुढें ठेवून जरा संकोचानें म्हणाला, "गुरुजी, तें सुयांचें देऊळ कांहीं सांपडलें नाहीं. चार दिवस विचारलें. एका पंड्यानें दक्षिणा घेऊन एक देऊळ दाखविलेंही, पण तेथें सुया नव्हत्या." त्याच्या मनांत उपहास नव्हता. लहानपणीं ऐकलेली एक वस्तु आईस दाखवावी एवढीच त्याची इच्छा होती, आणि गुरुजींना खूण नीट ठाऊक असेल तर पुढच्या खेपेस जाऊं, असें त्यास वाटत होतें. त्याच्या मातोश्रींना आतां पुढची खेप होण्यासारखी नव्हती.

खूण आम्हांस ठाऊक नव्हती. आम्हीं ती गोष्ट एका इंग्रजी कोड्यांच्या पुस्तकांत वाचली होती, आणि ती खरी कीं खोटी हें एकदांही पाहिलें नव्हतें. मग शोध आरंभिला. तो फार लांब गेला नाहीं. इ. स. १८८३ त फ्रान्समध्यें एक खेळणें विक्रीस आलें : तीन खुंट्या आणि आठ लांकडी चकत्या. डबीवर कर्त्याचें नांव "सयामचा एन. क्लाउस" असें छापलें होतें, तो "ली-सू-स्त्यां" नांवाच्या महाविद्यालयांतील कोणी पंडित म्हणून सांगितलें होतें. ही सगळी अक्षरांची अदलाबदल होती. "अमियांचा ल्यूका" या फ्रेंच शब्दांतील अक्षरें फिरविलीं कीं सयामचा क्लाउस होतो, आणि "सेंट लुई" या पॅरिसमधील विद्यालयाच्या नांवाचें तें चिनी वाटणारें सोंग. एदुआर ल्यूका हा तेथें गणित शिकवीत असे. म्हणजे आमच्यासारखाच मास्तर! पुढील वर्षीं, १८८४ त, आंरी द पार्व्हील नांवाच्या लेखकानें तें काशीच्या देवळाचें कथानक छापलें. आणि तेथून तें पुस्तकांपुस्तकांतून फिरत फिरत आमच्या फळ्यापर्यंत आलें. आमच्या "पूर्वजांचें" वय सव्वाशें-दीडशें वर्षांचें, आणि जन्म पॅरिस शहरीं!

विद्यार्थ्यास आम्हीं हें सर्व पत्रानें कळविलें. परंतु पस्तीस वर्षांत ज्या शेंकडों मुलांना ही गोष्ट छातीवर हात ठेवून सांगितली त्या सर्वांचे पत्ते आमच्यापाशीं नाहींत. त्यांच्यापैकीं कित्येकांच्या घरीं हें मासिक जात असेल आणि आपल्या मुलांना त्यांनींही ती सांगितली असेल. त्यांनीं ती खोडून टाकावी. गोष्ट सांगावयास हरकत नाहीं. ल्यूकाच्या नांवावर सांगावी.

एवढ्यावर आम्ही थांबलों असतों. परंतु त्या शोधाच्या ओघांत जें हातीं लागलें तें गोष्टीहून अधिक मोलाचें निघालें. पूर्वजांचा या संख्येशीं संबंध आहेच. तो काशीच्या देवळांत नसून छंदःशास्त्रांत आहे, आणि आम्ही संस्कृत शिकलेले असूनही तिकडे पाहिलें नव्हतें.

पिंगलाचार्यांचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत मानितात. अमुक इतक्या अक्षरांचा चरण असेल तर लघु-गुरूंच्या मांडणीनें त्याचे किती प्रकार होतील, हा प्रश्न त्यांनीं सोडविला आहे. प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरु. म्हणून एका अक्षराचे दोन प्रकार, दोहोंचे चार, तिहींचे आठ. अनुष्टुभाच्या आठ अक्षरी चरणाचे २५६ होतात. चारी चरण सारखे असतील तर वृत्त सम. त्याचे प्रकार तेवढेच. दोन चरण, म्हणजे सोळा अक्षरें, स्वतंत्र धरलीं तर २५६ चा वर्ग ६५५३६. त्यांतून सम वजा केले कीं ६५२८० अर्धसम. चारी चरण स्वतंत्र, म्हणजे बत्तीस अक्षरी पुरा श्लोक धरला तर ६५५३६ चा वर्ग ४२९४९६७२९६. त्यांतून ६५५३६ वजा करून ४२९४९०१७६० विषम. वर्ग करीत जावें आणि मागचें वजा करावें, ही रीत पिंगलांचीच. (यांतील फारच थोडे प्रकार वाल्मीकींच्या कानाला रुचतील, हा भाग निराळा. पिंगल कान धरीत नाहींत, मोजणी धरितात.)

आतां दोन श्लोक घ्यावे. चौसष्ट अक्षरें झालीं. त्यांच्या मांडण्या किती? ४२९४९६७२९६ चा वर्ग, म्हणजे आमच्या संख्येहून बरोबर एकानें अधिक! सगळीं अक्षरें लघु असलेली एक मांडणी सोडून दिली कीं राजाचे दाणे उरतात. नातवाच्या यंत्राच्या त्या कप्प्याला चौसष्ट खण आहेत आणि प्रत्येकांत शून्य किंवा एक ठेवितात. तेव्हां तेंही लघु-गुरूंचा प्रस्तारच मांडीत असतें. चौसष्ट वेळां दुप्पट करीत बसण्याचेंही कारण नाहीं. पिंगल सांगतात कीं संख्या सम असेल तर अर्धी करावी, विषम असेल तर एक वजा करावा. शून्याला पोंचलें म्हणजे उलट फिरावें, आणि जेथें एक वजा केला तेथें दुप्पट, जेथें अर्धें केलें तेथें वर्ग करावा. चौसष्टाचे बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन, एक, शून्य. उलट येतांना एक दुप्पट आणि सहा वर्ग : २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६ आणि शेवटीं १८४४६७४४०७३७०९५५१६१६. आम्हीं वहीच्या दीड पानांत हें केलें.

ही शिडी हातीं आली म्हणजे संख्येचें कूळ उलगडूं लागतें. दोन वर्गांचें अंतर म्हणजे मूळ राशींची बेरीज गुणिलें त्यांचें अंतर, हें लीलावती वाचणाऱ्यास सांगणें नको. आमची संख्या म्हणजे एका वर्गांतून एक वजा. म्हणून तिचे दोन अवयव झाले : ४२९४९६७२९७ आणि ४२९४९६७२९५. यांतला दुसरा पुन्हां वर्ग उणा एक. त्याचे ६५५३७ आणि ६५५३५. त्यांतल्या दुसऱ्याचे २५७ आणि २५५. २५५ चे १७ आणि १५. १५ चे ५ आणि ३. म्हणजे शिडीच्या प्रत्येक पायरीवर एक एक मिळवून जी संख्या येते ती घ्यावी : ३, ५, १७, २५७, ६५५३७, ४२९४९६७२९७. या सहांचा गुणाकार म्हणजे आमची संख्या.

पहिल्या पांच मूळ संख्या आहेत. एक आणि ती स्वतः यांखेरीज त्यांना कोणीही भाग देत नाहीं. सहावीही तशीच असली पाहिजे, आणि ही परंपरा अखंड चालते, असें फर्मा नांवाच्या फ्रेंच न्यायाधिकाऱ्यानें १६४० त पत्रांतून प्रतिपादिलें. सिद्धता आपणांस सांपडलेली नाहीं हेंही त्यानें लिहिलें. आम्हीं काशीविषयीं मुलांना तेवढेंही सांगितलें नव्हतें. नव्वद वर्षें हें विधान तसेंच राहिलें. डिसेंबर १७२९ त गोल्डबाख यानें सेंट पीटर्सबर्गच्या ऑयलरला पत्राच्या ताजा कलमांत विचारलें, कीं हें फर्माचें म्हणणें तुम्हांस ठाऊक आहे काय? ऑयलरचें वय तेव्हां बावीस वर्षांचें होतें. १७३२ त त्यानें उत्तर दिलें : सहावी संख्या मूळ नव्हे, तिला ६४१ नें निःशेष भाग जातो आणि भागाकार ६७००४१७ येतो.

हें ६४१ त्यास कोठें सांपडलें? या सहाव्या संख्येला भाग देणारी मूळ संख्या ६४ च्या कोणत्या तरी पटीहून एकानें अधिकच असते, हा नियम पुढें त्यानेंच सिद्ध केला. तसल्या मूळ संख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पांचव्या भागाकारास उत्तर उभें आहे! फर्मासारख्या पुरुषानें पांच भागाकार केले नाहींत, याचें आम्हांस आश्चर्य वाटे. आतां वाटत नाहीं. जें खरें असावें असें मनापासून वाटतें तें तपासावयास हात उचलत नाहीं.

प्रत्यक्ष भागाकार न करितांही ६४१ ची परीक्षा होते; ती घरांतील वडील मुलांनीं अवश्य करून पाहावी. पांच गुणिलें १२८ म्हणजे ६४०. ६४१ नें भागितां बाकी ऋण १ धरावी. चौथा घात केला तर बाकी धन १. म्हणजे ५ चा चौथा घात गुणिलें २ चा २८ वा घात, याची बाकी १. परंतु ५ चा चौथा घात ६२५, हा ६४१ हून सोळानें उणा. म्हणून त्याच्या जागीं ऋण १६ घ्यावे. सोळा म्हणजे २ चा चौथा घात. तो २८ व्या घाताशीं मिळाला कीं ३२ वा घात झाला. म्हणजे ऋण चिन्हासह २ च्या ३२ व्या घाताची बाकी १. चिन्ह काढलें कीं बाकी ऋण १. तींत एक मिळवितांच शून्य. पुऱ्या श्लोकाच्या प्रकारांत एक मिळविला कीं ६४१ नें भाग जातो, तो असा.

राहिली ६७००४१७. ती मूळ आहे कीं तिलाही कोणी भाग देतो? येथें पुन्हां आमचा खेळणेंवाला ल्यूका भेटतो. १८७८ त त्यानें ऑयलरचा नियम अधिक आंवळला : ६४ च्या नव्हे, १२८ च्या पटीहून एकानें अधिक. ६७००४१७ चें वर्गमूळ २५८८ च्या जरा पुढें. तेथवर या जातीच्या मूळ संख्या पांचच आहेत. २५७ नें भागितां बाकी १७०, ६४१ नें ४४, ७६९ नें १२०, ११५३ नें ३३४, १४०९ नें ६२२. कोठेंही शून्य नाहीं. म्हणून ती मूळ. ज्यानें काशीचें सोंग उभारलें त्याच्याच नियमानें आमची संख्या शेवटच्या अवयवापर्यंत निवडली गेली. ल्यूकावरचा आमचा राग त्या दिवशीं गेला.

या कुळांतील १७ या संख्येनें गाऊसला गणिताकडे ओढलें. सतरा समान बाजूंची आकृति केवळ पट्टी आणि कंपास यांनीं काढतां येते, हें त्यानें १७९६ त, एकोणिसावें वर्ष पुरें होण्यापूर्वीं, शोधिलें. ६५५३७ बाजूंच्या आकृतीची कृति लिहिण्यांत हेर्मेस नांवाच्या जर्मन विद्वानानें दहा वर्षें घालविलीं. तें बाड गटिंगेनच्या विद्यापीठांत पेटींत जपून ठेविलें. फर्माची परंपरा मात्र ६५५३७ पाशींच अडली आहे. तिच्यानंतरच्या सलग अठ्ठावीस संख्या मूळ नाहींत हें सिद्ध झालें असून नवी मूळ संख्या एकही सांपडलेली नाहीं.

त्या अठ्ठाविसांतील दुसरी म्हणजे आमच्या संख्येहून दोनांनीं अधिक, १८४४६७४४०७३७०९५५१६१७. ही शेजारीण आमच्या संख्येसारखी सहज उकलत नाहीं. वर्गांत एक मिळविला कीं वर्गांतराची रीत चालत नाहीं. १८८० त लांद्री नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें तिचे अवयव छापून प्रसिद्ध केले : २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१. त्या वेळीं त्याचें वय ८२ वर्षांचें होतें. आमच्यासारख्या निवृत्त मनुष्यानें हें वाक्य दोनदां वाचलें, हें सांगावयास नको.

आमच्या संख्येचे मूळ अवयव एकंदर सात : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७, ६७००४१७. एकही दोनदां येत नाहीं. म्हणून तिला निःशेष भाग देणाऱ्या संख्या १२८ भरतात. धाकट्या नातीनें, ती सातवींत आहे, यंत्र न घेतां हा गुणाकार करण्याचें मनावर घेतलें. आम्हीं तिला नवाचा ताळा शिकविला. अवयवांचे ताळे क्रमानें ३, ५, ८, ५, २, ८, ७. त्यांच्या गुणाकाराचा ताळा ६. संख्येच्या अंकांची बेरीज ८७, तिचा ताळाही ६. नातीचा गुणाकार काल रात्रीं पुरा झाला, त्याचा ताळा ४ आला. दादाला विचारावयाचें नाहीं असें तिनें बजावून ठेविलें आहे, आणि सकाळपासून माजघरांत वही पसरून ती चूक शोधीत बसली आहे.